टाकीतला हा 'गोनी' नक्की कोणता? दगडी प्रवाळ ओळखून द्या

सुमेधा_विश्रामबाग
नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती आणि बागकाम सोडून कुठे फिरकत नाही, पण आता गळ्यातच पडलंय म्हणून इकडे आले. आमचे धाकटे भावजी नोकरीसाठी परदेशी गेले आणि त्यांची खाऱ्या पाण्याची टाकी आमच्या हॉलमध्ये आली. टाकी, पाणी थंड ठेवणारा चिलर, वरचे निळे दिवे, मिठाची बादली, सगळं. "वहिनी, काही करायचं नाही, पाणी आटलं की आरओचं घालायचं आणि चिमूटभर खाणं" एवढं शिक्षण देऊन ते विमानात बसले.

माशांचं बरं चाललंय. प्रश्न आहे तो उजव्या कोपऱ्यातल्या प्रवाळाचा. तळहाताएवढा आहे, वर हिरवट-राखाडी फुलं असतात, दिवसभर उघडी. शेवाळ काढायचा ब्रश जवळ नेला की सगळी एकदम आत जातात आणि नुसता दगड उरतो. भावजी म्हणतात विकणाऱ्याने 'गोनी' म्हणून दिला होता. मी नेटवर गोनिओपोरा शोधलं तर इतक्या जाती निघाल्या की डोकं गरगरलं. मला पूर्ण नाव पाहिजे, म्हणजे उजेड किती, पाण्याचा झोत किती, खायला काय ते बघता येईल. तीन फोटो टाकलेत, रात्री काढलेत, समजून घ्या.

पापलेट_प्रेमी
रवा लावून तव्यावर टाका, जात आपोआप कळेल. (हलकं घ्या.)

रीफवाला_मिरज
ताई, गोनिओपोरा स्टोक्सी. शंभर टक्के. हिरवा, दिवसा उघडा, डिवचलं की आत, अजून काय पाहिजे. माझ्याकडे होता. एक सांगतो, फार जीव लावू नका, हा प्रकार दिसायला देखणा पण टाकीत वर्षभर काढलं तरी खूप झालं. आधी फुलं अर्धीच उघडायला लागतात, मग एका कडेने सांगाडा दिसतो, मग संपलं. भल्याभल्यांनी यापुढे हात टेकलेत.

अनघा_स
किती सुंदर दिसतंय! वाचतेय.

निवृत्त_मास्तर
रीफवाला, 'गोनिओपोरा असावा' इथपर्यंत चालेल. स्टोक्सी कुठून काढलंत?

दगडी प्रवाळाची जात बहुतेक वेळा सांगाड्यावरून ठरते. मांस पूर्ण काढून धुतलेला तुकडा भिंगाखाली ठेवायचा, एकेका पॉलिपचा, म्हणजे त्या एकेका 'फुला'चा, खळगा बघायचा, त्यातले उभे पडदे किती, ते मध्यभागी कसे जुळतात, भिंत भरीव की सच्छिद्र. आणि एवढं करूनही घोळ होतो कारण एकच जात लाटांच्या उथळ पाण्यात एक आकार धरते आणि खोल संथ पाण्यात दुसरा. जुन्या अभ्यासकांनी अशा एकाच जातीला चार-चार नावं दिली, पुढे जनुकं तपासायला लागल्यावर बरीच नावं रद्द झाली, आणि काही प्रवाळ तर या कुळातून उचलून त्या कुळात टाकावे लागले. तेव्हा रात्री निळ्या दिव्याखाली मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून जातीचं नाव सांगणारा एकतर फार मोठा तज्ज्ञ असतो नाहीतर दुकानदार.

सुमेधाताई, आधी रंग विसरा. निळ्या उजेडात प्रवाळाच्या अंगातली काही प्रथिनं स्वतःच चमकतात, तपकिरी प्राणीसुद्धा पोपटी दिसतो. उद्या दुपारी पांढरा दिवा लावा. पंप पाच मिनिटं बंद करा म्हणजे फुलं डुलायची थांबतील. मग एकाच फुलाचा, बरोबर वरून, जितक्या जवळून जमेल तितक्या जवळून फोटो काढा आणि पाकळ्या मोजा. गोनिओपोराला २४ असतात. अल्व्हिओपोरा म्हणून थेट तसाच दिसणारा एक आहे त्याला १२, आणि टोकं बऱ्याचदा फुगीर. एवढ्या एका मोजणीने निम्मी भांडणं मिटतात.

रीफवाला_मिरज
मास्तर, दुकानात मोजत कोण बसतंय वो. तिथं गोनी म्हटलं की गोनी. अल्व्हिओपोरा पण गोनी म्हणूनच खपतो.

निवृत्त_मास्तर
म्हणूनच म्हटलं मोजा.

आणि ते दोघे सख्खे भाऊही नाहीत. अल्व्हिओपोरा पूर्वी गोनिओपोराच्याच कुळात धरायचे, जनुकं बघितल्यावर तो अॅक्रोपोराच्या कुळात गेला.

कोथरूडचा_कोरलवेडा
मास्तर, आदर आहे, पण सांगाड्याचं तुणतुणं सगळीकडे वाजत नाही. हॅमर आणि फ्रॉगस्पॉन ही दोन दगडी प्रवाळं घ्या. दोघांचे सांगाडे शेजारी ठेवले तर कुणाच्या बापाला फरक सांगता येणार नाही. जिवंत असताना मात्र लहान पोर पण सांगेल, हॅमरच्या टेंटॅकलचं, म्हणजे पाकळीचं, टोक आडवं पसरलेलं आणि फ्रॉगस्पॉनला बाजूने फाटे फुटलेले. म्हणजे तिथे मांस बघितल्याशिवाय जात कळतच नाही. दोघेही पूर्वी युफिलिया होते, आता फिंब्रियाफिलिया झालेत, टॉर्च नावाचा त्यांचा भाऊबंद तेवढा युफिलियात राहिला. दुकानात अजून सगळ्यांना युफिलियाच म्हणतात आणि म्हणत राहणार.

निवृत्त_मास्तर
म्हणून तर 'बहुतेक वेळा' लिहिलं होतं. तुमचं हॅमर-फ्रॉगस्पॉनचं उदाहरण चोख आहे, पण तिथेही तुम्ही टोकाचा आकार बघताय, रंग नाही. मुद्दा तोच.

ढालगावचा_गडी
मध्येच विचारतो, राग मानू नका. मित्राकडे ब्रेन कोरल आहे, एकजण म्हणतो फेव्हिया, दुसरा म्हणतो फेव्हाइट्स. दोघांची बोलचाल बंद व्हायची वेळ आलीय.

कोथरूडचा_कोरलवेडा
भिंती बघा. शेजारच्या दोन पॉलिपमध्ये एकच सामाईक भिंत असेल तर फेव्हाइट्स. प्रत्येकाची आपली वेगळी भिंत आणि मध्ये बारीक खाच असेल तर फेव्हिया. त्यातही आपल्या बाजूच्या समुद्रातल्या फेव्हियाला आता डिप्सॅस्ट्रिया म्हणतात, फेव्हिया हे नाव अटलांटिकवाल्याला उरलं. दोघांना सांगा, एकाने हरल्यासारखं करा आणि दुसऱ्याने नाव बदलून घ्या.

ढालगावचा_गडी
सामाईक भिंत म्हटल्यावर भांडण असणारच की. आमच्या वाड्यात तेच चाललंय वीस वर्षं.

गावभाग_वकीलीण
सगळं ज्ञानवर्धक आहे पण कुणीच बोलत नाहीये म्हणून मी वाईटपणा घेते. सुमेधाताई, घाबरवायचा हेतू नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, अनुसूची १. वाघ, हत्ती ज्या यादीत आहेत त्याच यादीत रीफ, म्हणजे समुद्रातले प्रवाळखडक, बांधणारे दगडी प्रवाळ आहेत, एखादी-दुसरी जात नव्हे, स्क्लेरॅक्टिनिया हा अख्खा गण. त्याशिवाय काळं प्रवाळ, फायर कोरल, समुद्रपंखे, आणि ऑर्गन पाइप कोरल. हे २००१ साली घातलं. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आता अनुसूची १ मधल्या प्राण्यासाठी शिक्षा तीन ते सात वर्षं आणि दंड किमान २५ हजार. प्रवाळ बाहेरच्या देशातून आला म्हणाल तर तिकडे साइट्स हा वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार आहे, दगडी प्रवाळ त्याच्या परिशिष्ट २ मध्ये, म्हणजे कागदाशिवाय सरहद्द ओलांडता येत नाही.

त्यामुळे जात कोणती हा छंदाचा प्रश्न झाला. दगडी आहे की नाही हा पहिला प्रश्न. भावजींकडे बिल, आयातीचा कागद काही आहे का?

रीफवाला_मिरज
झालं. आता धागा कोर्टात गेला. मॅडम, सगळीकडे उघड विकतायत, मोबाइलवर ग्रुप आहेत, घरपोच येतो. आणि बरेचसे तुकडे टाकीतच वाढवलेले असतात, समुद्रातून कुणी तोडून आणलेले नसतात.

गावभाग_वकीलीण
उघड विकतायत हा बचाव मी कोर्टात मांडला तर न्यायाधीश मला चहा पाजून घरी पाठवतील. यादीत प्राण्याचं नाव आहे, टाकीत वाढवलेल्या तुकड्याला वेगळी सूट लिहिलेली नाही. आणि विकणारा नामानिराळा राहतो, सापडतं ते ज्याच्या घरात आहे त्याच्याकडे.

खरे_काका
२०२० मध्ये केंद्राने परदेशी प्राणी स्वतःहून जाहीर करायची मुभा दिली होती ना? सहा महिन्यांत जाहीर केलं तर कागद मागणार नव्हते. आमच्या शेजाऱ्याने आफ्रिकन पोपट तसाच नोंदवला.

गावभाग_वकीलीण
बरोबर, पण ती मुभा साइट्सच्या यादीतल्या परदेशी जातींसाठी होती, आपल्या कायद्याच्या अनुसूचीत जे आधीच आहेत त्यांच्यासाठी नव्हती. पोपट सुटला, प्रवाळ नाही.

पापलेट_प्रेमी
मी तव्याचा विनोद मागे घेतो. सात वर्षं फार होतात.

सुमेधा_विश्रामबाग
बाई गं. मी उजेड आणि खाणं विचारायला आले होते! भावजींना मेसेज टाकलाय, तिकडे आता रात्र आहे. बिल वगैरे मला दिसलं नाही, बादलीत फक्त मिठाची पावती आहे. मास्तरांनी सांगितलेला फोटो उद्या दुपारी काढते, आज लाइटच येतेय-जातेय.

कृष्णाकाठ
लाइटवरून आठवलं. २०१९ च्या पुरात आमच्याकडे पाणी नाही आलं घरात, दुसरा मजला, पण वीज गेली ती गेलीच. माझी गोड्या पाण्याची टाकी होती, बॅटरीवरचा एअर पंप असल्यामुळे मासे निभावले. ताई, तो एक स्वस्तातला पंप घेऊन ठेवा. खाऱ्या पाण्यात तर प्राणवायू आधीच कमी मुरतो.

कोथरूडचा_कोरलवेडा
+१. आणि सांगलीत खरा वैरी एप्रिल-मे. बाहेर चाळीस, हॉलमध्ये पस्तीस, चिलर बंद पडला की टाकी दुपारपर्यंत तिशीला जाते. प्रवाळाला पंचवीस-सव्वीस बरं. त्याच्या मांसात सूक्ष्म शेवाळ राहतं, बरंचसं अन्न तेच बनवून देतं, पाणी तापलं की प्रवाळ त्या शेवाळाला बाहेर काढतो आणि पांढराफटक पडतो. १९९८ ला लक्षद्वीपला हेच झालं, मोठमोठे रीफ पांढरे पडले आणि बरेच मेले, नंतर २०१० आणि २०१६ ला पुन्हा. समुद्रात एखाद-दुसऱ्या डिग्रीने होतं तिथे तुमच्या दोन-अडीच फुटी टाकीचं काय.

बोअरचं पाणी चुकूनही घालू नका. आरओचा टीडीएस मोजून बघा, पडदा जुना झाला की सांगलीचं पाणी शंभराच्या वर आकडा दाखवतं. खारटपणा, म्हणजे मिठाच्या पाण्याची घनता, १.०२५ च्या आसपास. पाणी आटलं म्हणजे मीठ मागे राहतं, म्हणून वर साधं आरओच घालायचं, खारं नाही, भावजींनी ते बरोबर सांगितलंय.

अनघा_स
अवांतर: आम्ही दिवाळीत तारकर्लीला स्कूबा केलं, तिथे तळाला असले दगड होते पण एवढी फुलं दिसली नाहीत. मला वाटलं होतं टीव्हीवर दाखवतात तसं रंगीत असेल. तपकिरी आणि भुरकट होतं सगळं.

निवृत्त_मास्तर
भुरकट म्हणजे जिवंत, तक्रार करू नका. मालवणच्या किनाऱ्याजवळ नद्यांचा गाळ येतो, पाणी गढूळ, त्यात तग धरणारेच प्रवाळ तिथे राहतात. तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. महाराष्ट्राच्या बाजूचा खरा स्वच्छ पाण्यातला रीफ बघायचा तर आंग्रिया बँक, पण ती विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आणि पूर्ण पाण्याखाली, तिथे तुमची स्कूबाची बोट जात नाही.

पाय भिजवून बघायचं असेल तर जामनगरला पिरोटन बेट. कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान, १९८२ चं. वनखात्याची परवानगी लागते. ओहोटीला पाणी इतकं मागे हटतं की घोट्याएवढ्या डबक्यात जिवंत प्रवाळ बघता येतात. मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो, चपला काढू नका आणि काही उचलू नका असं सांगून सांगून घसा बसला, तरी एकाने खिशात तुकडा घातलाच. परत ठेवायला लावला. तो आता बँकेत मोठा अधिकारी आहे.

खरे_काका
माझी एक शंका. हिच्या अंगठीत मंगळाचं पोवळं आहे, सराफ कट्ट्यावरून घेतलेलं, बाकायदा पावती आहे. ते पण प्रवाळच ना? मग आता अंगठी काढायची का?

निवृत्त_मास्तर
काका, दागिन्यातलं लाल पोवळं हे दगडी प्रवाळ नव्हे. ते भूमध्य समुद्रातलं, वेगळ्या गटाचं. पॉलिपला पाकळ्या आठच. आत लाल कडक दांडा असतो त्याचे मणी करतात. टाकीतल्या, रीफ बांधणाऱ्या प्रवाळाशी त्याचं लांबचंच नातं.

खरे_काका
हिला वाचून दाखवलं. म्हणते मंगळाला आठ पाकळ्यांचं चालतं का चोवीसचं ते गुरुजींना विचारा.

सुमेधा_विश्रामबाग
आले परत. दुपारी पांढरा दिवा लावला, पंप बंद केला. खरंच, फुलं एकदम स्थिर झाली, इतके दिवस मला वाटायचं त्या सतत हलतात ते त्यांचं त्यांचं. मोबाइल काचेला टेकवून काढले फोटो. आमच्या धाकट्या मुलाने संगणकावर मोठे केले आणि पेन्सिलीने टिंबं करत मोजले.

आठ आहेत! चोवीस नाहीत, बारा नाहीत. दुसरं फूल घेतलं, तिथेही आठ. आणि पाकळीला दोन्ही कडांना बारीक दातरं आहेत, चिंचेच्या पाल्यासारखी. देठ पण लांब नाही, फूल जेमतेम नखाएवढं. चौथा आणि पाचवा फोटो बघा.

निवृत्त_मास्तर
वा! धाकट्याला माझ्याकडून शाबासकी. इतकी चांगली नोंद कॉलेजातली पोरं करत नाहीत.

रीफवाला, स्टोक्सी बाद. गोनिओपोरा बाद. अल्व्हिओपोराही बाद. दगडी प्रवाळांच्या पाकळ्या सहाच्या पटीत असतात. आठ आणि दोन्ही कडांना दातरं म्हणजे अष्टभुज गट, ज्याला टाकीवाले ढोबळमानाने सॉफ्ट कोरल म्हणतात. दगडी नव्हे.

पापलेट_प्रेमी
म्हणजे सात वर्षं वाचली?

रीफवाला_मिरज
फोटो लय भारी आलाय ताई. पण मास्तर, खाली दगड आहे त्याचं काय? ब्रश लावला की नुसता दगड उरतो म्हणाल्यात ना त्या. सॉफ्ट कोरल आत गेला तरी कातड्यासारखा गोळा दिसतो, दगड नाही दिसत.

निवृत्त_मास्तर
प्रश्न अगदी योग्य ठिकाणी विचारलात. तीन शक्यता राहतात. एक, खाली जांभळट रबरासारखा पापुद्रा असेल आणि त्यातून फुलं येत असतील तर ग्रीन स्टार पॉलिप. दोन, फुलं बारीक धावत्या मुळ्यांनी साध्या दगडाला चिकटून असतील तर क्लोव्ह पॉलिप. या दोन्हींत दगड हा नुसता आधार, त्यांचा स्वतःचा सांगाडा नाही. तिसरी शक्यता वकीलबाईंच्या यादीत येऊन गेलेली आहे आणि ती निघू नये अशी माझी इच्छा आहे. सुमेधाताई, फुलं मिटलेली असताना बाजूने विजेरी मारून खालचा दगड बघा. वरून नको, वर शेवाळ चढून सगळं तपकिरी झालेलं असतं. कुठे कड तुटलेली असेल ती शोधा.

गावभाग_वकीलीण
मला कळलं. मीही देव पाण्यात घालून बसते.

खरे_काका
पाण्यात आधीच खूप काही आहे त्यांच्या.

सुमेधा_विश्रामबाग
दिवे गेल्यावर बघितलं. वरून तपकिरी, बरोबर. मागच्या बाजूला, काचेकडे, एक कोपरा तुटलाय, टाकी आणताना टेम्पोत आपटला असणार. तिथे आत गडद लाल आहे. कुंकवाचा नाही, जुन्या विटेचा वाटावा असा लाल. आणि दगड भरीव नाहीये, बारीक बारीक उभ्या नळ्या आहेत, काडेपेटीतल्या काडीपेक्षा जाड नसतील, एकीला एक चिकटलेल्या नाहीत, मध्ये फट आहे, पण थोड्या थोड्या अंतरावर आडवे पातळ पत्रे आहेत त्यांनी सगळ्या जोडल्यात. एक तुकडा खाली वाळूत पडला होता तो चिमट्याने काढून बशीत ठेवलाय, फोटो सहावा.

निवृत्त_मास्तर
ऑर्गन पाइप कोरल. ट्युबिपोरा. उभ्या लाल नळ्या आणि त्यांना जोडणारे आडवे मजले, असा सांगाडा दुसऱ्या कुणाचा नाही. अष्टभुज गटातला, पण स्वतःचा कडक सांगाडा बांधणारा जो मोजका गोतावळा आहे त्यातला हा एक. बाजारात गोनी म्हणून जातो कारण फुलं उघडली की सांगाडा पूर्ण झाकला जातो आणि फुलं हिरवट दिसतात.

जातीचं म्हणाल तर वर्षानुवर्षं याला ट्युबिपोरा म्युझिका हे एकच नाव चालत आलंय. प्रजाती, म्हणजे जातीच्या वरची पायरी, म्हणून ट्युबिपोरा मी खात्रीने सांगतो. पुढचं 'म्युझिका' प्रथेप्रमाणे.

गावभाग_वकीलीण
कायद्यात मात्र प्रथेचंच नाव छापलंय. ट्युबिपोरा म्युझिका, अनुसूची १. दगडी प्रवाळ नाही म्हणून सुटला असं होत नाही, कारण याचं नाव वेगळं, स्वतंत्र दिलेलं आहे. साइट्सच्या परिशिष्ट २ मध्येही याचं कूळ आहे.

रीफवाला_मिरज
एवढं मोजून मापून शेवटी तिथंच आलो. मी म्हणत होतो ते काय वाईट होतं.

कोथरूडचा_कोरलवेडा
भावा, तू म्हणत होतास तो वर्षात मरतो म्हणून. त्यांनी तसं समजून सोडून दिला असता. हा नीट राहतो. सुमेधाताई, तुमचा मूळ प्रश्न राहिलाच बाजूला, तर घ्या. उजेड मध्यम ते चांगला, एकदम दिव्याखाली नको. झोत मध्यम, फुलं डुलतील इतका, वाकतील इतका नको. मटणासारखे मोठे तुकडे टाकू नका, अगदी बारीक प्लवंगाचं खाणं आठवड्यातून थोडंसं, आणि मासे खाऊन सोडतात त्यातही भागतं. सगळ्यात महत्त्वाचं, नळ्यांवर शेवाळ आणि माती साचू देऊ नका, मऊ ब्रशने किंवा ड्रॉपरने पाणी मारून उडवा. सांगाडा ठिसूळ आहे, उचलायचा झाला तर खालून दोन्ही हातांनी.

ढालगावचा_गडी
ऑर्गन पाइप म्हणताय तर मिरजेला न्या की, तंबोरेवाले सूर लावून देतील.

पापलेट_प्रेमी
नाहीतर सागरेश्वरला सोडा, अभयारण्य पण आहे आणि नावात सागर पण आहे.

गावभाग_वकीलीण
विनोद पुरे. ताई, मी काय करेन ते सांगते. विकू नका, कुणाला भेट देऊ नका, बशीतला तुकडासुद्धा नाही. कुरिअरने भावजींच्या मित्राकडे पाठवायचा विचार असेल तर तो आधी डोक्यातून काढा, ती वाहतूक झाली. फेकून देऊ नका, मारू तर नकाच. भावजींकडून लेखी घ्या, कधी, कुठल्या शहरातून, कुणाकडून घेतला, पैसे ऑनलाइन दिले असतील तर त्याची नोंद. मग स्वतःहून वनविभागाला अर्ज करा की असा प्राणी आमच्या घरी आलेला आहे, आम्ही विकत घेतलेला नाही, पुढे काय करायचं ते सांगा. स्वतःहून गेलेल्याची गोष्ट वेगळी ऐकली जाते. अर्जाचा मसुदा मी करून देते, फी नाही, भडंग पाठवा.

रीफवाला_मिरज
मॅडम असं अर्ज करत बसलं तर निम्म्या सांगली-मिरजेच्या टाक्या रिकाम्या होतील.

गावभाग_वकीलीण
तुमची पण का?

रीफवाला_मिरज
माझ्याकडे आता फक्त गप्पी मासे आहेत. नगरपालिकेने दिलेले, डासांसाठी.

सुमेधा_विश्रामबाग
सगळ्यांचे मनापासून आभार. भावजींशी बोलणं झालं. आधी "वहिनी तुम्ही उगाच फार खोलात जाता" असं म्हणाले, मग धाकट्याने फोटो आणि कायद्याचं पान पाठवल्यावर बराच वेळ टायपिंग टायपिंग दिसत राहिलं आणि शेवटी पैसे दिल्याची नोंद आणि विकणाऱ्याशी झालेलं बोलणं पाठवलं. त्यात त्याने स्वतः लिहिलंय 'गोनी ग्रीन, हार्डी'. हे म्हणतात सोमवारी अर्ज घेऊन जाऊ. वकीलताई, व्यनि (खासगी निरोप) केलाय. भडंग साधं की जास्त तिखट?

मास्तर, धाकटा विचारतोय की नळीच्या आत जुनी फुलं असतात का, की फक्त वरच्या टोकाला.

निवृत्त_मास्तर
फक्त वर. खालचे मजले रिकामे, प्राणी वर सरकत जातो आणि मागे आडवा मजला घालून घेतो. त्याला बशीतला तुकडा भिंगाखाली बघू दे, मजल्यातून नवी नळी निघालेली कुठे सापडते का ते शोधायला सांग. आणि बघून झाल्यावर तुकडा अर्जाबरोबर जाऊ दे.

गावभाग_वकीलीण
जास्त तिखट.

कृष्णाकाठ
सुमेधाताई, टाकी जर पुढेमागे बंदच करायची ठरली तर चिलर किती एचपीचा आहे? मी गंभीरपणे विचारतोय, यंदा उन्हाळा लवकर सुरू झालाय. व्यनि करा.